पुण्याची छापील चित्रे

पुणे आणि छापील चित्र यांचा पहिला संबंध १७९० च्या दशकात आला. त्या वेळी पुण्यात छापखाना नव्हता. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स वॉर मॅलेट १७८६ मध्ये येथे आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर त्याने आपले ठाणे वसवले. मॅलेटला चित्रांची आणि प्राचीन लेण्यांची मनापासून ओढ होती. त्याच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा रेखाटनकार होता. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तेथील गेंड्याचे गंगारामने १७९० मध्ये काढलेले चित्र आजही पाहायला मिळते. कातडीच्या जाड घड्या, आखूड पाय, खाली झुकलेले जड डोके हे सारे त्यात समोर पाहून, निरखून टिपलेले आहे. दरबारी लघुचित्राची सवय असलेल्या हाताने असे चित्र काढावे, ही त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट होती.

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईस उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे त्याने काढलेले तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. मॅलेटच्या पुढाकाराने पेशव्यांच्या आश्रयाखाली पुण्यात चित्रकलेची एक शाळा निघाली व वेल्सच्या देखरेखीखाली येथील कारागीर पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन शिकू लागले. मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ चे. पुण्याची ही शाळा त्याच्या साठाहून अधिक वर्षे आधीची, पण अल्पायुषी ठरली. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, नोव्हेंबरात वेल्सही वारला, आणि मॅलेटने १७९७ मध्ये पुणे सोडले.

कागद मात्र मॅलेटबरोबर विलायतेस गेले. वेल्सने वेरूळला केलेल्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने २४ मोठी चित्रे तांब्याच्या पत्र्यावर उतरवली आणि १८०३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. कैलास लेण्याचे आणि आजूबाजूच्या गुहांचे युरोपात पोचलेले हे पहिले भारदस्त चित्रदर्शन होते. वेरूळवर मॅलेटने लिहिलेला लेख ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात आला. त्यातील चित्रपत्रे गंगारामच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. पुण्याच्या माणसाने काढलेले चित्र छापून प्रसिद्ध होण्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना करावी लागते. गंगारामची मूळ रेखाटने आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.

याच काळातले आणखी एक छापील चित्र पुण्याच्या दृष्टीने मोलाचे आहे. पेशवे आणि इंग्रज यांच्यातील १७९० च्या तहाचा प्रसंग, म्हणजे शनिवारवाड्यातील दरबारात मॅलेट तरुण पेशव्यापुढे बसला आहे असे दृश्य, डॅनियलने १८०५ मध्ये रंगवले. त्यावरून चार्ल्स टर्नरने केलेले छाप १८०७ मध्ये लंडनमध्ये निघाले. डॅनियल स्वतः त्या दरबारात नव्हता. वेल्सच्या पुण्यातील टिपणांवर त्याची सारी भिस्त होती. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि आतले लाकडी वैभव नाहीसे झाले. आज वाड्याचा चौथरा आणि तट पाहणाऱ्याला रंगमहालाचे खांब, नक्षीदार कमानी आणि गालिच्यावर ओळीने बसलेले मानकरी यांची कल्पना येते ती या चित्रामुळे. मूळ चित्र एका ठिकाणी राहते, छाप मात्र अनेक घरी जातो. इतिहासाला छापाचा उपयोग होतो तो येथे.

कोरीव पत्र्यावरून छापण्याची हिकमत देशी हातांत उतरावी, असा प्रयत्नही पुण्यातच सुरू झाला. मॅलेटच्या प्रेरणेने नाना फडणिसांच्या कारकिर्दीत एका तांबटाला अक्षरे कोरण्याचे शिक्षण मिळाले, असे मुद्रणाचे इतिहासकार अ. का. प्रियोळकर यांनी नोंदवले आहे. ते काम पुण्यात तडीस गेले नाही. मिरजेच्या पटवर्धनांनी १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली तेव्हा त्या खटपटीला फळ आले. पुढे पेशवाई बुडाली आणि पुण्यातील चित्राला आश्रय देणारे हातच उरले नाहीत.

मधल्या काळात छपाईचे तंत्र पार बदलले. म्युनिकच्या अलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछपाई शोधून काढली. तिचा आधार तेल आणि पाणी यांचे वैर. गुळगुळीत घोटलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने उलटे चित्र काढायचे, गोंद आणि सौम्य आम्ल यांचा हात फिरवून ते पक्के करायचे, मग शिळा ओली करून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागावर शाई धरत नाही, तेलकट रेषेवर चिकटते. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र सुलटे उमटते. कोरण्याची गरज नाही, खिळे पाडण्याची गरज नाही. मराठीला तर हे तंत्र फारच मानवले, कारण हस्तलिखित पोथीचे वळण जसेच्या तसे छापता येई. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले, त्यानंतर पोथ्या, पंचांगे व चित्रे यांचा हा धंदा झपाट्याने पसरला.

रंगीत शिळाछपाईचे पेटंट फ्रान्समधील म्यूलूझ गावच्या गोदफ्र्वा एंगेलमानने १८३७ मध्ये घेतले. येथे एका रंगाला एक शिळा लागते. आधी बाह्यरेषेची शिळा तयार करायची, तिचे ठसे बाकीच्या शिळांवर उतरवायचे आणि प्रत्येक शिळेवर त्या-त्या रंगाचा भागच काढायचा. पिवळा, गुलाबी, निळा, करडा असे थर एकावर एक चढत जातात. कागदाच्या कडेला काढलेल्या बारीक फुल्या प्रत्येक वेळी जुळल्या पाहिजेत. एखादी फुली केसभर सरकली तरी देवाच्या ओठांचा लाल रंग गालावर येतो. जुन्या छापांत अशी चूक सापडते तेव्हा कोणता रंग कशावर चढला, याचा अंदाज अभ्यासकाला येतो.

हे तंत्र हाताशी असताना पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली. तिचे संस्थापक विष्णुशास्त्री चिपळूणकर, सोबत बाळकृष्णपंत जोशी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम. चिपळूणकर तेव्हा सरकारी नोकरीत होते आणि बदली होऊन रत्नागिरीला होते. त्यांचे ‘निबंधमाला’ मासिक चालू होऊन चार वर्षे झाली होती. पुढल्याच वर्षी त्यांनी नोकरीवर लाथ मारली, १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल उघडले आणि वर्षभराने ‘केसरी’ व ‘मराठा’ सुरू झाले. आर्यभूषण छापखाना, किताबखाना आणि चित्रशाळा ही तिन्ही त्याच झपाट्यातली कामे. मार्च १८८२ मध्ये, वयाची बत्तीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, चिपळूणकर गेले. मराठी गद्याच्या इतिहासात त्यांच्या निबंधांवर पानेच्या पाने लिहिली गेली. चित्रशाळेला बहुधा एक ओळ मिळते. हा अन्याय आहे. निबंध वाचायला अक्षरओळख लागे, तसबीर पाहायला काहीच लागत नसे. त्या काळी साक्षरता किती तुटपुंजी होती हे ध्यानात घेतले, तर चिपळूणकरांचा हात जास्तीत जास्त घरांत पोचला तो भिंतीवरच्या चित्रांतून, असे म्हणायला जागा आहे.

त्याच १८७८ साली कलकत्त्यात बौबाजारात अन्नदाप्रसाद बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्ता आर्ट स्टुडिओ काढला. देशाच्या दोन टोकांना एकाच वर्षी असे दोन कारखाने निघावेत, यामागे कारण आहे. युरोपात छापलेली स्वस्त रंगीत चित्रे बाजारात येऊ लागली होती आणि लोकांना ती आवडत होती. मागणी तयार झाली होती. प्रश्न इतकाच होता की ती पुरवणार कोण आणि कोणते विषय घेऊन.

चित्रशाळेने दोन प्रकारचे विषय घेतले. एक देवादिकांचे. त्यांत रामपंचायतन सर्वांत लोकप्रिय झाले. सिंहासनावर राम आणि सीता, भोवती लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न आणि पायाशी हात जोडलेला मारुती, ही मांडणी महाराष्ट्रातल्या घरोघरच्या देवघरात जाऊन बसली. शिवपंचायतनही निघाले. दुसरा प्रकार इतिहासपुरुषांचा. शिवाजी महाराज, पेशवे, नाना फडणीस यांच्या तसबिरी निघाल्या. आज यात विशेष वाटणार नाही. पण १८७८ मध्ये पेशवाई बुडून साठच वर्षे झाली होती. पुण्यात त्या काळाच्या आठवणी सांगणारे म्हातारे अजून होते, आणि शाळेतील पुस्तकांत मराठ्यांचा इतिहास ग्रँट डफच्या चष्म्यातून शिकवला जात होता. त्याच वर्षी का. ना. साने, ज. बा. मोडक आणि शाळिग्राम यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू करून बखरी व जुने कागद छापायला घेतले. शाळिग्राम दोन्हीकडे होते, ही बाब बोलकी आहे. बखर वाचणाऱ्याला ‘संग्रह’, न वाचणाऱ्याला तसबीर, असा एकच उद्योग दोन वाटांनी चालला होता. पुण्यातला राजकीय विचार भिंतीवर टांगलेल्या चित्रांतूनही वाढला हे इंग्लंडचे अभ्यासक क्रिस्टोफर पिनी यांनी २००४ मधील ‘फोटोज ऑफ द गॉड्स’ या ग्रंथात ठामपणे मांडले आणि चित्रशाळेला त्या कथेच्या आरंभी स्थान दिले.

चिपळूणकरांच्या पश्चात चित्रशाळा सांभाळली ती वासुदेव गणेश ऊर्फ वासुकाका जोशी यांनी. वासुकाका लोकमान्य टिळकांच्या अगदी आतल्या गोटातले. नेपाळात शस्त्रांचा कारखाना काढण्याची गुप्त खटपट झाली तिच्यात कृ. प्र. खाडिलकरांबरोबर वासुकाकांचेही नाव येते. असा माणूस चित्रांचा धंदा करतो, तेव्हा त्याच्या मालात निव्वळ शोभा राहत नाही. पण वासुकाका व्यवहारालाही चोख होते. वाफेवर चालणारी यंत्रे, स्वतःचे चित्रकार आणि शिळाकारागीर असा छापखान्याचा पसारा उभा राहिला आणि ‘चित्रशाळा स्टीम प्रेस, पुणे’ ही अक्षरे चित्रांच्या खालच्या समासात दूरदूर पोचली.

पुणे जिल्ह्यातच पुढे चित्रशाळेला मोठा प्रतिस्पर्धी उभा राहिला. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणले, आणि शकुंतलेच्या जन्माचे चित्र पहिल्याने छापले. मुंबईतील प्लेगच्या वर्षांत छापखाना घाटावर हलवण्यात आला आणि लोणावळ्याजवळ मळवलीला, कार्ले-भाजे लेण्यांच्या शेजारी, स्थिरावला. धंदा तोट्यात गेला. विसाव्या शतकाच्या आरंभीच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो चित्रांच्या हक्कांसह विकत घेतला. लक्ष्मी, सरस्वती आणि दमयंती मळवलीहूनही देशभर गेल्या. धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यासाठी काम करत होते. शिळा, ब्लॉक आणि रंग यांचे त्यांचे शिक्षण पुढे पडद्यावर कसे उतरले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

रविवर्म्याच्या छापांत तैलचित्राची छटा आणि खोली होती, चित्रशाळेच्या जुन्या छापांत रेषा ठसठशीत आणि रंग सपाट. म्हणून चित्रशाळेची चित्रे कमअस्सल मानण्याची प्रथा पडली. वस्तुतः तिच्या रेषेत पोथीतल्या चित्रांचे आणि मराठा भित्तिचित्रांचे वळण शिल्लक आहे. चेहरे समोरून किंवा स्पष्ट एकचष्मी, वस्त्रांच्या कडा ठळक, पार्श्वभूमी मोजकी. रविवर्म्याची नायिका रंगभूमीवर उभी असल्यासारखी दिसते. चित्रशाळेचा राम देवघरात बसलेला दिसतो. लोकांनी दोघांनाही घरी नेले आणि आपल्या हातांनी सजवले. कुणी साडीवर जरीची पट्टी चिकटवली, कुणी मुकुटावर टिकल्या लावल्या. असे सजवलेले छाप आता संग्रहालयांत विशेष जपले जातात.

शिळेची सद्दी छायाचित्राच्या ब्लॉकने संपवली. छायाचित्राचे बारीक ठिपक्यांत विभाजन करून जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर ब्लॉक करता येऊ लागला आणि चित्र व मजकूर एकाच पानावर, एकाच दाबात छापणे शक्य झाले. चित्रशाळेने हे वेळीच ओळखले. १९१० मध्ये तिने ‘चित्रमयजगत्’ हे सचित्र मासिक सुरू केले. पुढे त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. देशोदेशीच्या घडामोडी, युद्धे, यंत्रे, पुढारी, संस्थानिक यांची छायाचित्रे मराठी वाचकाला मोठ्या आकारात आणि चांगल्या कागदावर प्रथम या मासिकाने दाखवली. त्यानंतर चित्रशाळेचा कल ग्रंथांकडे वळला. रामचंद्रशास्त्री किंजवडेकरांनी संपादलेले, नीलकंठी टीकेसह महाभारत १९२९ ते १९३६ या काळात १०२६ सदाशिव पेठ या पत्त्यावरून बाहेर पडले. तेव्हा थोड्याच अंतरावर भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालू होते. आज अभ्यासक चित्रशाळेचे नाव घेतात ते बहुतेक वेळा या महाभारतासाठी. तसबिरींची चित्रशाळा मागे पडली.

ती मागे पडण्याची कारणे वस्तूतच दडलेली आहेत. शिळा महाग आणि जड. एका चित्राची मागणी संपली की ती घासून पुन्हा गुळगुळीत करत आणि तिच्यावर दुसरे चित्र काढत. त्यामुळे मूळ आराखडे उरत नाहीत. मळवलीच्या छापखान्याचे तर १९७२ च्या आगीत अतोनात नुकसान झाले. घरातल्या प्रतींचे भवितव्यही फारसे वेगळे नव्हते. स्वस्त कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, पावसाळ्यात भिंतीची ओल चौकटीत शिरते, कसर लागते. आणि देवाची तसबीर फाटली वा काच तडकली की ती घरात ठेवत नाहीत, नदीत विसर्जित करतात. भक्तीच्या दृष्टीने हेच योग्य. त्याचा परिणाम मात्र असा, की जे चित्र सर्वांत जास्त पूजले गेले तेच सर्वांत कमी उरले. १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठच्या पेठांतील वाडेच्या वाडे बुडाले. त्यांत अशा किती तसबिरी गेल्या याची कुणी मोजदाद केली नाही.

छापील चित्र सांभाळणे हा स्वतंत्र व्यवसाय युरोपात फार लवकर उभा राहिला, आणि त्यात फ्रान्स पुढे होता. मिशेल द मारोल या धर्मगुरूने जमवलेले सुमारे सव्वा लाख छाप चौदाव्या लुईसाठी १६६७ मध्ये खरेदी करण्यात आले आणि पॅरिसच्या राजग्रंथालयात छापांचा वेगळा कक्ष तयार झाला. ऊग-आद्रियाँ जोली याने १७५० पासून चार दशके तो सांभाळला. चित्रकार, कोरक्या, प्रकाशक, आवृत्ती आणि समासातील अक्षरे यांवरून प्रत्येक छापाची नोंद करण्याची शिस्त अशा कक्षांतून घडली. विसाव्या शतकात झाँ अदेमार (१९०८–१९८७) या कलेतिहासकाराने त्या कक्षाचे प्रमुखपद भूषवले. एपिनाल गावच्या पेलराँ छापखान्यातून निघालेल्या खेडुतांच्या स्वस्त रंगीत चित्रांनाही रेम्ब्रांटच्या छापांइतकेच काळजीने पाहावे लागते, ही दृष्टी फ्रेंच अभिरक्षकांनी रुजवली. एपिनाल आणि चित्रशाळा यांच्यात साम्य पुष्कळ: देव, संत, सेनापती, कमी किंमत, फेरीवाले, भिंतीवरची जागा. एपिनालच्या चित्रांना त्यांच्याच गावात संग्रहालय मिळाले.

पुण्यात संग्राहकांची वाण नव्हती, त्यांची नजर मात्र दुसरीकडे होती. दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी कागद, चित्रे आणि जुन्या वस्तू साताऱ्यास जमवल्या. तो संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. वेल्स आणि त्याच्या शाळेची आठवण पुणेकरांना पुन्हा करून देण्याचे श्रेय पारसनीसांच्या १९२१ मधील पुण्यावरच्या इंग्रजी ग्रंथालाही जाते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये आणि पैठणची चित्रकथी चित्रे अशा वीस हजारांहून अधिक वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने राजा केळकर संग्रहालय उभे केले. १९७५ मध्ये तो सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र सरकारला दिला. रोजच्या वापरातली वस्तू संग्रहालयात ठेवण्याजोगी असते, हे केळकरांनी पुण्याला पटवून दिले. हाताने घडवलेली वस्तू त्यांनी वाचवली. यंत्रावर हजारांनी निघालेल्या कागदाला फारसा कुणी हात लावला नाही. तो कुठेही मिळेल, असेच सर्वांना वाटत होते.

चित्रशाळेचे जुने छाप आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नोंद क्रमांकासह मिळतात. त्यांचा काळ ठरवताना अभ्यासक पहिल्यांदा खालचा समास पाहतात. छापखान्याचे नाव कसे लिहिले आहे, ‘स्टीम’ हा शब्द आहे की नाही, मराठीच्या जोडीला इंग्रजी वा गुजराती मथळा आला आहे का, हे तपासतात. गुजराती मथळा असला तर माल मुंबई-सुरतेकडच्या बाजारासाठी काढलेला. मग रंगांचे थर मोजतात आणि भिंगाखाली दाणा पाहतात. शिळेचा दाणा वेडावाकडा असतो, छायाचित्राच्या ब्लॉकचे ठिपके ओळीत बसलेले असतात. एकाच रामपंचायतनाच्या दोन प्रतींत सीतेच्या शालूचा रंग वेगळा निघाला, तर दुसऱ्या आवृत्तीची शक्यता दिसते, पण तेवढ्यावरून ती सिद्ध होत नाही. अशा तुलनेला अनेक प्रती शेजारीशेजारी ठेवाव्या लागतात. त्यांतल्या काही अजूनही पुणे, वाई, सातारा, नाशिककडच्या जुन्या घरांत, माळ्यावर किंवा काळवंडलेल्या चौकटीत असणार. तसबिरीची काच आणि मागचा पुठ्ठा काढला की समास दिसतो, आणि नोंदीला लागणारी बहुतेक माहिती त्याच दोन बोटे पट्टीवर छापलेली असते.